मधलं दिसेना, कडेचं चुकेना

बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यातल्या जानेफळात एका कापड दुकानदाराच्या घरी हा वाद झाला. एका बाजूला दुकानदार मामा, दुसऱ्या बाजूला त्यांची भाची. ती दुसऱ्या तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी आहे. शाळकरी मुलांचे नंबर काढणं, शिबिरात मोतीबिंदू हुडकणं, मधुमेह्यांना पडदा तपासून घ्यायला पाठवणं हे तिचं रोजचं काम. वादाला कारण झाली आजी, म्हणजे मामांची आई. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षांमागे झालं, चांगलं झालं. तरी समोर उभ्या लेकाला ती ‘कोण आलं?’ विचारते, आणि ओसरीवर सांडलेला तुरीचा दाणा मात्र वाकून उचलते. घरात हळूहळू एक शंका मुरली होती : बुढी मुद्दाम करते.

म्हाताऱ्या माणसांबद्दलची ही शंका पुष्कळ घरांत असते, आणि ती फार निर्दय असते. तिचं उत्तर डोळ्याच्या पडद्याच्या घडणीतच आहे. या दोघांच्या बोलण्यातून ते जसं निघत गेलं तसं लिहितो आहे.

मामा : आता तूच सांग. काल उंबऱ्यापाशी वाटी पडली होती. तिनं बरोबर वळसा घातला. अन माह्या तोंडाकडं पाहून इचारते, कोन आला? वाटी दिसते अन पोरगा दिसत नाई?

भाची : नाही दिसत, मामा. खरंच नाही दिसत.

मामा : बोलताना नजर बी देत नाई. माह्या कानाकडं पायते, खांद्याच्या पलीकडं पायते. रुसल्यावानी.

भाची : ती तुम्हालाच बघत असते. सरळ बघितलं की तुमचा चेहराच नाहीसा होतो, म्हणून नजर जरा बाजूला नेते. मग तुम्ही तिला थोडेफार दिसता. हे तिला कोणी शिकवलं नाही, तिचं तिनं शोधून काढलंय.

मामा : हे काई पटत नाई. डोळा म्हंजे डोळा. दिसते त सारं दिसते, नाई त काईच दिसत नाई.

मामांचं हे म्हणणं आपल्या सगळ्यांचंच असतं. डोळे उघडले की समोरचं सगळं एकसारखं लख्ख दिसतं, असं प्रत्येकाला वाटतं. भाचीनं वाद न घालता पुढ्यातला पेपर उचलला.

भाची : ही एक ओळ. हिच्यातल्या या मधल्या अक्षरावर नजर रोवा. डोळा हलवायचा नाही. आता न हलवता, तीन शब्द पुढचा शब्द वाचा.

मामा : हाये काईतरी. काळं काळं दिसते.

भाची : वाचा ना.

मामा : थांब. हां, ‘बाजारभाव’.

भाची : डोळा सरकला तुमचा. मी बघितलं. परत करा.

मामा : …नाई वाचता येत. ओळ दिसते, अक्षर उमगत नाई.

भाची : आता हात पुरता लांब करा आणि अंगठ्याच्या नखाकडे बघा. त्या नखाएवढीच जागा तुम्हाला खरी स्पष्ट दिसते. बाकीचं सगळं तुमच्या आत्ताच्या त्या ‘काळ्या काळ्या’सारखं. फक्त डोळा एका सेकंदात तीनेक वेळा उडी मारतो, जिथं बघावंसं वाटतं तिथं ते नख नेऊन ठेवतो, आणि उडीच्या वेळचं पुसट चित्र मेंदू आपल्याला कळू देत नाही. म्हणून सगळं एकदम दिसतंय असं वाटत राहतं.

मामांनी तीन-चारदा करून पाहिलं. मग त्यांना एकदम काहीतरी आठवलं. या माणसाचं मला मोल वाटतं ते इथे : भाचीचं म्हणणं खोडायला त्यांनी जो दाखला काढला तो तिच्याकडच्या कुठल्याही पुस्तकाच्या तोडीचा होता.

मामा : मंग मले हे सांग. आम्ही शेतात जागलीले जातो. अंधारात रानडुक्कर हाये का झुडूप, ते कळत नाई. त्याच्याकडं नीट पायलं की ते जाते. जरा बाजूले पायलं की परत दिसते. तुह्या म्हणण्यानं मधात साफ दिसते. मंग अंधारात मधातच काहून दिसत नाई?

भाची : कारण मधोमध रात्रीच्या पेशीच नाहीत.

मामा : म्हंजे?

भाची : पडद्यावर दोन जातीच्या पेशी असतात. दंडपेशी, साधारण बारा कोटी. त्या मिणमिणत्या उजेडातही जाग्या असतात, पण त्यांना रंग कळत नाही. दुसऱ्या शंकुपेशी, साठ लाखांच्या आसपास. त्यांना भरपूर उजेड लागतो. बारकावा आणि रंग त्यांच्याकडे. पडद्याच्या मध्यावर पिवळसर भाग असतो, पीतबिंदू. त्याच्या मधोमध दीड मिलिमीटरचा खळगा आहे, आणि त्या खळग्याच्या तळाशी नुसत्या शंकुपेशी, एकीला एक चिकटून. एका चौरस मिलिमीटरला दोन लाखांच्या घरात. दंडपेशी एकही नाही. म्हणून डुक्कर सरळ बघितलं की त्याचं चित्र अशा जागी पडतं जिथं अंधारात कोणी जागं नाही.

मामा : अन बाजूले पायलं की दंडपेशीवर पडते.

भाची : हो. लग्नात अरुंधती दाखवतात ना, सप्तर्षीतल्या वसिष्ठाच्या शेजारची? ती अंधूक वाटली तर तिच्या किंचित बाजूला बघावं. आकाश बघणारे लोक मुद्दाम तसंच करतात. तुम्ही जागलीत जे करता ते तेच.

मामांना आपलं जागलीचं ज्ञान शास्त्रात बसल्याचं समाधान झालं, पण त्यांनी हार मानली नव्हती. दाटी केल्यानं एवढा फरक पडतो का, हा त्यांचा पुढचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे, कारण नुसती दाटी पुरत नाही.

भाची : पेशीला जे कळलं ते मेंदूपर्यंत न्यायला तार लागते. डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत अशा तारा दहा-बारा लाखच आहेत. पेशी बारा कोटींहून जास्त. मग काय करणार? आठवतं, गावात आधी एकच फोन होता? सगळ्यांचे निरोप त्याच्यावर यायचे. कोणाचा तरी निरोप आलाय एवढं कळायचं, कोणाचा ते धड कळायचं नाही. पडद्याच्या कडेला तसं आहे, शेकडो पेशींमागे एक तार. मधल्या खळग्यात मात्र प्रत्येक शंकुपेशीला स्वतःची तार आहे. त्यामुळे अगदी जवळजवळ पडलेले दोन ठिपके मेंदूला दोनच कळतात, एक होत नाहीत.

मामा : मंग साऱ्याच पेशीले आपापली तार काहून देली नाई देवानं?

भाची : मग नस डोळ्याएवढी जाड झाली असती आणि मेंदू या घरात मावला नसता. आत्ताच डोक्याच्या मागच्या भागात, जिथं चित्र पोचतं तिथली निम्म्याच्या आसपास जागा मधल्या दहा अंशांच्या नजरेनं अडवलीय. आणि त्या खळग्यासाठी किती तजवीज आहे बघा. एरवी पडद्यावर उजेड टिपणाऱ्या पेशी सगळ्यात मागे असतात. उजेडाला आधी रक्तवाहिन्या आणि दुसऱ्या पेशींचे थर ओलांडावे लागतात. इथं ते थर बाजूला सारलेत, खळगा त्यामुळेच पडतो. अगदी मधे तर रक्तवाहिनीसुद्धा नाही.

दवाखान्यातल्या तक्त्यावरची ६/६ ची ओळ ही या खळग्याची परीक्षा आहे. सहा मीटरवरून त्या ओळीचं अक्षर जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर उंच असतं, आणि त्यातली रेघ उंचीच्या पाचव्या हिश्श्याएवढी जाड. ती रेघ ओळखायला पडद्याचा एक कण पुरतो. तोच कण गेला, तर बाकीचा सगळा पडदा धडधाकट असूनही तक्त्यावरची ती ओळ वाचता येत नाही. चालणं, वळणं, वाटी चुकवणं ही कामं कडेचा पडदा करतो आणि तो उत्तम करतो. तुरीच्या दाण्याचंही तेच : फरशीवर काहीतरी वेगळं पडलंय, एवढं कडेला कळतं, हात तिथवर जातो. चेहरा ओळखायचा तर डोळ्यांतलं अंतर, ओठांची ठेवण, भुवईची कमान एकदम लागते. ते मधलं काम आहे.

मामा : बरं, ओळखणं गेलं, मानलं. पण तिले रंग बी कळत नाई. दिवाळीले चिंतामणी लुगडं देलं. म्हणते, भुरकं काहून आणलं? रंग त कापडात असते. तो काई तिच्या डोळ्यात नाई.

भाची : कापडात रंगद्रव्य असतं, मामा. चिंतामणी, आमसुली, डाळिंबी, मोरपंखी हे तुमच्या पडद्यात आणि मेंदूत होतं.

मामा : तीस वर्षं रंग इकून रायलो मी. बाईले राणी पायजे म्हटल्यावर राणीच देतो. तो गठ्ठ्यात असते म्हणूनच देतो ना?

भाची : मग मॅचिंगच्या ब्लाउजपीससाठी बायकांना दाराशी का नेता?

मामा : ट्यूबखाली जुळलेलं उन्हात जुळत नाई म्हणून. रस्त्यावर गेल्यावर बाई परत येते भांडाले.

भाची : कापड तेच, रंगद्रव्य तेच. मग रंग कुठं गेला?

इथे मामा थोडा वेळ गप्प राहिले. भाचीनं पुढे जे सांगितलं त्यात मला रंगाच्या साऱ्या शास्त्राचा गाभा दिसतो, म्हणून ते सविस्तर देतो.

शंकुपेशी तीन जातींच्या. एक जात सुमारे ४२० नॅनोमीटरच्या, म्हणजे जांभळट निळ्या उजेडानं सगळ्यात जास्त चाळवते. दुसरी ५३० च्या हिरव्यानं. तिसरी ५६० च्या. तिसरीला लाल म्हणतात, पण ५६० म्हणजे पिवळसर हिरवा. लालासाठी खास पेशी डोळ्यात नाहीच. शिवाय एकट्या पेशीला कुठलाच रंग कळत नाही. तिला एवढंच कळतं, की आपण किती चाळवलो. भरपूर लाल उजेडानं ती जेवढी चाळवेल तेवढीच थोड्याशा हिरव्यानंही चाळवेल. रंग निघतो तो तिघींच्या तुलनेतून : दुसरीपेक्षा तिसरी बरीच जास्त चाळवली तर लाल, दोघी सारख्या आणि पहिली गप्प तर पिवळा. ही वजाबाकी मेंदूत पोचायच्या आधी, पडद्यातच सुरू होते. तीन प्रकारांचा अंदाज इंग्लंडच्या थॉमस यंग या डॉक्टरानं १८०२ मध्येच बांधला होता. एकेका पेशीवर प्रत्यक्ष मोजमाप व्हायला १९६४ उजाडलं. मधल्या काळात आणि नंतरही विरोधक होते. आपले सी. व्ही. रामन यांनी १९६८ च्या आपल्या पुस्तकात या सिद्धांताच्या विरोधातच बाजू मांडली. मोजमापं त्यांच्या बाजूनं लागली नाहीत, पण उतारवयात डोळ्यासारख्या विषयाला हात घालणारा तो माणूस मला मोठाच वाटतो.

भाची : तुमच्या साडीत आणि ब्लाउजपीसमध्ये रंगाची रसायनं वेगवेगळी. ट्यूबखाली दोघांमुळे तिन्ही पेशी अगदी सारख्या चाळवतात. डोळ्याजवळ तुलना तेवढीच, म्हणून त्याला दोन्ही एकच वाटतात. उन्हात उजेड बदलतो, आकडे बदलतात, फरक उघडा पडतो.

मामा : मंग मोबाईलवर फोटो पाठवतो तेव्हा काय होते?

भाची : मोबाईलच्या पडद्यावर पाण्याचा बारीक थेंब टाकून हळदी साडीचा फोटो बघा. थेंबातून ठिपके मोठे दिसतात. लाल आणि हिरवे. पिवळा एकही नाही. हळदीवरून येणारा उजेड आणि मोबाईलमधून येणारा उजेड यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी तुमचा डोळा दोन्हीला हळदी म्हणतो.

त्यांनी थेंब टाकला. दोघंही बराच वेळ मोबाईलवर वाकून होते. मामींनी चहा ठेवला तो तसाच निवत राहिला.

मामा : हे खरं हाये. पण माही बी एक गोष्ट ऐक. पांढरं धोतर दुकानात आत, सावलीत ठेवलं, अन काळी छत्री भर उन्हात. उन्हातली छत्री धोतरापेक्षा जास्त उजेड फेकत असन. तरी धोतर पांढरंच दिसते अन छत्री काळीच. डोळा नुसता आलेला उजेड मोजत असता त छत्री पांढरी दिसली असती. तो कापड ओळखते, उजेड नाई.

भाची : हे मात्र बरोबर आहे.

मामा : मंग?

भाची : मग डोळा आणि मेंदू आजूबाजूच्या सगळ्या कापडांशी तुलना करतात, उजेड किती आणि कुठल्या रंगाचा ते वजा करतात, आणि वस्तूपर्यंत पोचायचा प्रयत्न करतात. बहुतेक वेळा पोचतातही. तुमच्या ब्लाउजपीसच्या वेळी फसतात.

या मुद्द्यावर मी मामांच्या बाजूचा आहे. रंग डोळ्यात तयार होतो असं म्हणून थांबणारे लोक अर्धंच सांगतात. डोळ्याची ही सगळी खटपट चालते ती बाहेरच्या वस्तूबद्दल काहीतरी खरं कळावं म्हणून. पिकलेलं टोमॅटो आणि कच्चं टोमॅटो यांत खरोखर फरक असतो.

मामांनी मग लोणार काढलं. जानेफळहून मेहकरमार्गे लोणार काही लांब नाही, आणि जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा त्याचे फोटो सगळ्या जिल्ह्याच्या मोबाईलवर होते.

मामा : तो गुलाबी बी आमच्या डोळ्यातच होता का?

भाची : पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं ते पाणी तपासलं. खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्म जीव निघाले, हॅलोआर्किया. पाणी ठेवून दिलं तर जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं.

मामा : म्हंजे रंग त्या जिवात होता. जितलो मी.

भाची : रंगद्रव्य त्यांच्यात होतं. आणि गंमत ऐका. या कुळातल्या कित्येक जिवांत उजेड पकडायला रेटिनाल नावाचा रेणू असतो. अ जीवनसत्त्वापासून होणारा तोच रेणू तुमच्या प्रत्येक दंडपेशीत आणि शंकुपेशीत आहे. तुमच्या डोळ्यात तो वाकडा बसलेला असतो. उजेड पडला की सरळ होतो. तिथून बघणं सुरू होतं. अ जीवनसत्त्व कमी पडलं की आधी रातांधळेपणा येतो तो त्यामुळेच.

एक गोष्ट मला इथे घालावीशी वाटते. तीन जातींपैकी दुसरी किंवा तिसरी जात नसली किंवा बिघडली तर माणसाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. दोष एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणून तो पुरुषांत जास्त आणि आईकडून येणारा. मामाला असला तर भाच्याला असण्याचा संभव मोठा. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये २०१५ साली अशाच एका उमेदवाराला चित्रपट संकलनाचा प्रवेश नाकारला गेला होता. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं संस्थेचे सगळे अभ्यासक्रम रंगांध विद्यार्थ्यांना खुले करायला सांगितलं. मला तो निकाल योग्य वाटतो. डोळ्याची तुलना दोन आकड्यांवर चालली तरी ती तुलनाच असते, आणि त्या माणसाला उजेड-अंधार, आकार, हालचाल आपल्याइतकीच दिसते.

मामा : मंग मायचं काय? तिच्या तिन्ही जाती गेल्या का?

भाची : जिथं त्या सगळ्यात दाट होत्या तिथंच झीज झालीय. कडेला शंकुपेशी आहेत, पण विरळ, आणि तारा वाटून घेतलेल्या. म्हणून लुगडं मोठं असून फिक्कं, भुरकं दिसतं. मोतीबिंदू भिंगाचा होता, तो काढला, भिंग बदललं. हे मागच्या पडद्याचं आहे. भिंग कितीही चांगलं घातलं तरी पडदा बदलता येत नाही.

मामा : म्हंजे काईच इलाज नाई?

भाची : ते आत्ताच नका ठरवू. म्हातारपणच्या या आजाराचे दोन प्रकार आहेत. एक सुका, सावकाश झिजणारा. त्यात गेलेलं परत येत नाही. दुसऱ्यात पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या फुटतात, गळतात, आणि त्याला डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत. वेळेवर दिली तर नजर टिकते. कुठला ते पडद्याच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून, ओसीटी म्हणजे पडद्याचा स्कॅन काढूनच सांगायचं. अकोल्याला नेऊ तिला, या आठवड्यातच.

मामा : तवर घरात काय करायचं?

भाची : आल्याआल्या नाव सांगायचं. ‘ओळख पाहू’ असं कोणी म्हणायचं नाही, पोरांनीसुद्धा. ती कानाकडे बघत असेल तर बघू द्यायचं, समोर सरकायचं नाही. पांढऱ्या ताटलीत पांढरा भात वाढायचा नाही. दिवा तिच्या खांद्यामागून.

मामा : अन मी तिले म्हणत होतो, नाटकं नको करू.

भाची : आज तिला सांगा ना, मला आता कळलं म्हणून.

मामा उठले नाहीत. त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्यानं हाक मारली, ‘माय, मी होय, दुकानातून आलो,’ आणि आतून उत्तर आलं, ‘आयकू आलं, बहिरी नाई मी.’ दोघंही हसले. मग भाचीनं चौकटीच्या वहीचं एक पान फाडलं, मधोमध ठळक ठिपका काढला आणि मामांच्या हातात दिलं. स्वित्झर्लंडचे डोळ्यांचे डॉक्टर मार्क अ‍ॅम्सलर यांच्या नावाची ही तपासणी कोणत्याही घरात करता येते.

भाची : चष्मा लावा. डावा डोळा झाका. ठिपक्याकडेच बघा. आजूबाजूच्या रेघा सरळ आहेत? कुठं वाकल्यात, तुटल्यात, गायब आहेत?

मामा : सरळ हायेत. पण माहं काय तपासतेस? मले साफ दिसते.

भाची : तुम्हाला मधुमेह आहे. त्यात पडद्यावर सूज येते ती बऱ्याचदा याच खळग्याच्या आसपास. एका डोळ्याचं कमी झालं तर दुसरा सांभाळून घेतो, महिनोन् महिने कळत नाही. आता उजवा झाका.

मामा : हेबी सरळ.

भाची : चांगलं आहे. तरी रेघा सरळ आहेत म्हणून पडदा चांगलाच आहे असं नसतं. आजीबरोबर तुमचीही बाहुली मोठी करून तपासून घेऊ. थेंब टाकल्यावर काही तास जवळचं वाचता येत नाही, उन्हात डोळे दिपतात. मोटारसायकल घेऊन यायचं नाही, एसटीनं जायचं.

मामा : अन दुकान?

भाची : मामी बसतील.